फॉरबिडन म्हणजे बंदी कुणी घातली?

सोमवारी सकाळी नऊ चाळीसला पहिला फोन आला. एका पतसंस्थेचे शाखाधिकारी बोलत होते, आवाज अगदी हळू. "मॅडम, स्क्रीनवर फॉरबिडन येतंय. सहकार खात्यानं काही कारवाई केली का आपल्यावर?"

कारवाई मीच केली होती, रविवारी रात्री.

या पतसंस्थेचं पिग्मीचं पोर्टल आमची छोटी टीम सांभाळते. एजंट दिवसभर दुकानांतून रोजची जमा गोळा करतात आणि पोर्टलवर भरतात. ते पोर्टल जँगो ३.२ वर होतं; जँगो म्हणजे वेबसाइट बनवायची पायथनमधली तयार चौकट. त्या आवृत्तीचा सपोर्ट एप्रिल २०२४ मध्ये संपणार हे आधीपासून माहीत होतं, पण पतसंस्थेत मार्च एंड उरकल्याशिवाय कुणी कशाला हात लावू देत नाही. त्यामुळे ४.२ वर जायचा मुहूर्त एप्रिलमधलाच लागला.

कोडमधली कामं कंटाळवाणी होती, अवघड नव्हती. नव्या आवृत्तीतून काही जुनी फंक्शनं गेली होती: यूगेटटेक्स्ट, रूट्समधलं यूआरएल, इज-एजॅक्स. शोधा आणि बदला. सेटिंगमधली एकच चूक अडली. सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्सच्या यादीत, म्हणजे ज्या पत्त्यांवरून आलेले फॉर्म विश्वासानं घ्यायचे त्यांच्या यादीत, आमचं मोबाइलसाठीचं सबडोमेन नुसतंच लिहिलेलं होतं, आणि ४.० पासून तिथे पत्ता एचटीटीपीएससकट लागतो. जँगोनं सुरू होतानाच तसं स्पष्ट सांगितलं, मी दुरुस्त केलं. टेस्ट सर्व्हरवर सगळं चाललं. रात्री लाइव्ह केलं. दर पाच मिनिटांनी लॉगिन करून बघणारी आमची स्क्रिप्ट हिरवी होती. मी झोपले.

आणि सकाळी ही तऱ्हा. एजंटना लॉगिन करता येईना. जे आधीच लॉगिन होते त्यांना खाती दिसत होती, पण 'जमा करा' दाबलं की ४०३, म्हणजे तेच फॉरबिडन. पाहता येतं, भरता येत नाही. स्क्रिप्ट मात्र अजूनही हिरवीगार.

"ताई, रोलबॅक करूया का?" आमच्या ज्युनियरनं विचारलं. शहाणा सल्ला होता. पण लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, एक ओळही नव्हती, आणि कारण न कळता मागे गेलो असतो तर पुढच्या रविवारी पुन्हा इथेच आलो असतो. मी दहा मिनिटं मागून घेतली. लॉग रिकामा असण्याचं कारणही आमचंच: आम्ही फक्त एरर लिहून ठेवत होतो आणि सीएसआरएफचा नकार जँगो वॉर्निंग म्हणून नोंदवतं. नोंदीची पातळी वॉर्निंगपर्यंत खाली आणली, सर्व्हर रीस्टार्ट केला, मिनिटभरात ओळ आली: ओरिजिन तपासणी फसली, हा पत्ता कुठल्याही विश्वासू ओरिजिनशी जुळत नाही.

पत्ता आमचाच होता.

यादीत तो घातला आणि सव्वादहाला जमा सुरू झाली. शाखाधिकाऱ्यांना कळवलं, ते म्हणाले, "बरं झालं, मी चेअरमनसाहेबांना अजून सांगितलं नव्हतं."

खरं तर तिथेच थांबता आलं असतं. पण ज्युनियर खुर्ची ओढून शेजारी बसला. "ताई, डोमेन आपलंच, फॉर्म आपलाच. मग आपलाच पत्ता विश्वासू म्हणून वेगळा का सांगायचा?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून दुपारी डबा बाजूला ठेवून दोघं बसलो.

सीएसआरएफ तपासणी असते ती दुसऱ्या एखाद्या साइटनं ब्राउझरला फूस लावून तुमच्या लॉगिनवर परस्पर फॉर्म पाठवू नये म्हणून. फॉर्म पाठवताना ब्राउझर ओरिजिन हेडर जोडतो, म्हणजे मी कुठल्या पत्त्यावरच्या पानावरून आलो ते सांगतो. जँगो ४.० पासून हा हेडर तपासायला लागलं. ब्राउझर सांगत होता, एचटीटीपीएसवरून आलो. जँगो स्वतःचा पत्ता काढत होतं, तो साधा एचटीटीपी. नाव तेच, पण पुढचा एस नाही म्हणून जुळत नाही.

आमच्याकडे एचटीटीपीएस संपतं एनजिनएक्सपाशी, म्हणजे जँगोच्या पुढे उभ्या असलेल्या प्रॉक्सी सर्व्हरपाशी; तिथून आत सगळं साध्या एचटीटीपीनं जातं. बाहेरचा माणूस एचटीटीपीएसनं आला होता, हे प्रॉक्सीनं एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडरमधून सांगायचं आणि जँगोच्या सेटिंगमध्ये त्या हेडरवर विश्वास ठेवायला सांगायचं, अशी रीत. ती सेटिंग आमच्याकडे नव्हतीच. म्हणजे पोर्टल सुरू झाल्यापासून जँगोची समजूत होती की आपण साध्या एचटीटीपीवर आहोत. एचटीटीपीएसवर असताना ३.२ रेफरर, म्हणजे आधीच्या पानाचा पत्ता, तपासायचं, पण तीही तपासणी या समजुतीपायी कधी चाललीच नाही. टेस्ट सर्व्हर ऑफिसच्या नेटवर्कमध्ये, खरोखरच साध्या एचटीटीपीवर. तिथे दोन्ही बाजू जुळत होत्या. आणि स्क्रिप्ट काही ब्राउझर नव्हे, ती ओरिजिन पाठवतच नाही. तिला अडवणार कोण?

सेटिंग फाइल चाळताना एचटीटीपीएसकडे वळवण्याची ओळ सापडली, बंद केलेली. वर कुणाची तरी टीप: 'चालू केलं की साइट गोल गोल फिरते, नको.' फिरणारच. एचटीटीपीएसनं आलेल्याला जँगो पुन्हा एचटीटीपीएसकडेच पाठवत राहणार. मला हसू आलं, पण फार नाही.

टेस्ट सर्व्हरसमोर एचटीटीपीएस आणि लाइव्हचीच एनजिनएक्स फाइल लावली, यादीतून आमचा पत्ता काढला, हेडरची सेटिंग घातली. तरी ४०३. एनजिनएक्सच्या फाइलमध्ये तर हेडर पाठवायची ओळ ढळढळीत दिसत होती. तासभर आम्ही दोघं त्या ओळीकडे बघत बसलो. शेवटी सर्व्हर सांभाळणारे सर चहा घेऊन मागे उभे राहिले आणि कपासकट बोट दाखवत म्हणाले, "ती ओळ सर्व्हर ब्लॉकात आहे. तुमच्या लोकेशन ब्लॉकात होस्टची स्वतःची ओळ आहे. आत एक जरी हेडर लिहिला, तर वरचे सगळे गळतात."

अगदी तसंच आहे. वरच्या पातळीवरचे प्रॉक्सी हेडर खाली उतरतात ते खाली एकही लिहिलेला नसेल तरच. बेरीज होत नाही. मला वाटतं याची किमान एक वॉर्निंग तरी हवी होती, पण फाइल नियमानं बरोबरच असते, तक्रार कोण करणार. तीच ओळ लोकेशनमध्येही लिहिली आणि ४०३ गेला. एनजिनएक्स तो हेडर स्वतः लिहितं, त्यामुळे बाहेरून कुणी खोटा पाठवला तरी पुसला जातो, एवढं तपासून घेतलं.

रात्री नऊला लाइव्ह केलं. लॉगिन चालू, जमा चालू. आणि पाच मिनिटांत स्क्रिप्ट लाल. सकाळी माणसं अडकली तेव्हा ही हिरवी, आता माणसं सुरळीत तर ही ४०३ म्हणून बोंब मारतेय. क्षणभर पोटात गोळा आला. मग ज्युनियरच म्हणाला, "ताई, आता जँगोला एचटीटीपीएस कळलंय. ओरिजिन नसेल तर ते रेफरर मागणार, आणि आपली स्क्रिप्ट तोही पाठवत नाही." स्क्रिप्टमध्ये रेफररची एक ओळ घातली.

निघण्यापूर्वी पासवर्ड रीसेटची मेल पाठवून पाहिली, कारण त्यातली लिंकही जँगो याच समजुतीवर बनवतं. लिंक एचटीटीपीएसची आली. ज्युनियरनं जुन्या तिकिटांत काहीतरी शोधलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. दोन वर्षांपूर्वीचं, त्याच्या पहिल्या महिन्यातलं तिकीट: 'मेलमधली लिंक एचटीटीपी का येते?' खाली उत्तर होतं, 'रीडायरेक्ट होतं, चालेल. बंद करते.'

उत्तराखाली नाव माझं होतं.