दारू सुटल्यावरची तिसरी रात्र

पिणाऱ्याला वावरातून धरून आणायचं, देवाच्या पायावर हात ठेवून शपथ घ्यायला लावायची, गळ्यात माळ घालायची आणि खिशातली क्वार्टर नालीत ओतायची. आपल्याकडे दारू सोडवण्याची ही जुनी रीत. शपथेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती डॉक्टरला न विचारता, घरातल्या घरात, त्याच दिवशी सगळी बंद करण्याला. ज्याला उठल्याबरोबर घोट लागतो आणि तो मिळेपर्यंत चहाची बशी हातात स्थिर राहत नाही, त्याच्या जिवावर हे बेतू शकतं.

दारू मेंदूला दाबून ठेवते. वर्षानुवर्षं रोज दाबला की मेंदू उलटा जोर लावायला शिकतो. मग रस्सीखेचीत समोरच्यानं अचानक दोर सोडावा, तसं होतं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात कापतात, घाम सुटतो, मळमळतं, झोप उडते. साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या टप्प्यात काही जणांचं भान हरपतं. अंगात ताप, छातीत धडधड, भिंतीवर मुंग्या नाहीतर साप दिसतात. माणूस खाटेवर बसून हवेत कासरा ओढतो, नसलेले बैल हाकतो, गोधडीवरून कापूस वेचतो. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं, आणि गाडी मांत्रिकाकडे वळते. ही मेडिकल इमर्जन्सी आहे, 108 ला फोन करायचा. उपचाराविना यात माणसं दगावतात; वेळेत भरती केलं तर बहुतेक जण वाचतात.

फिट आली तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं सामान सरकवा. चप्पल हुंगवू नका, कांदा नको, दातांत चमचा तर मुळीच घालू नका.

म्हणून सोडण्याआधीच जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा. भेट होईपर्यंत बाटली हिसकावू नका. डॉक्टरला चार गोष्टी नेमक्या सांगा: काय पितो, किती, शेवटची कधी घेतली, पूर्वी सोडताना फिट आली होती का. देशीचं माप सोपं, बाटलीवर 180 मिली छापलेलं असतं. मोहाच्या दारूला लेबल नसतं, तेव्हा ज्या गिलासानं पितो तो गिलासच सोबत न्या. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, वर्ध्यातही आहे. तिथले लोक पोलिसांच्या धाकानं आकडा लपवतात. खरा आकडा कळला नाही तर औषधाचा डोस चुकतो.

डॉक्टर काही दिवस शांत करणाऱ्या गोळ्या देतात आणि त्या उतरत्या क्रमानं बंद करतात. त्या बायकोच्या नाहीतर आईच्या ताब्यात ठेवा. त्या गोळ्यांवर दारू प्यायला तर श्वास मंदावू शकतो.

आता सलाईनबद्दल, कारण ‘एक बाटली लावून द्या’ हा आपला आवडता हट्ट. रोज पिणाऱ्याच्या, अर्धपोटी राहणाऱ्याच्या अंगात बी-वन जीवनसत्त्वाचा खडखडाट झालेला असतो. त्यात नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही संपतं. डोळे फिरतात, चाल झुकांड्या खाते, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. आधी थायमिनचं, म्हणजे याच बी-वनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. लावणाऱ्याला विचारायला लाजू नका. उलट्या थांबल्यावर पातळ खिचडी, वरणाचं पाणी, आणि एक लिटर पाण्यात एक पाकीट ओआरएस.

‘न सांगता दारू सोडवा’ म्हणून भाजीत टाकायची पूड विकतात, तिच्यापासून मात्र चार हात लांब राहा. अशा पुडीत काय आहे ते सांगता येत नाही. डायसल्फिराम नावाची खरी गोळी आहे, पण ती घेतल्यावर प्यायला तर चेहरा लालबुंद होतो, दम लागतो, रक्तदाब कोसळतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. माहीत असलेल्या माणसाला ती आवर घालते. नकळत घेतलेल्याला ती मारू शकते.

पाच दिवस निघाले म्हणजे अंग सुटलं. मन सुटायला महिने लागतात. तल्लफ लाटेसारखी येते, बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ पोटात भाकर, हातात काम आणि सोबत माणूस असला की पुष्कळ झालं. दिवे लागायची वेळ सगळ्यात वाईट. ज्या गावात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, तिथं ती ऐन त्याच वेळेला पडते. श्रद्धा असो-नसो, जाऊन बसावं. पहिल्या आठवड्यात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावरून भांडण काढू नका. त्याचीही पाळी येईल.

घसरायचे दिवस आधीच ठाऊक असतात: कापसाचा चुकारा, म्हणजे विक्रीचे पैसे, मिळतो तो दिवस, पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, लग्नाची वरात. चुकारा त्याच्या संमतीनं बायकोच्या खात्यावर घ्या. करीच्या दिवशी त्याला दारू न चालणाऱ्या पाहुण्याच्या गावी पाठवा.

बायकोनं कर्ज फेडत राहायचं, कामावर ‘ताप आहे’ असं खोटं सांगायचं, ही मदत नव्हे. त्यानं पिणं सोपं होतं. जेवण द्या, दवाखान्यात सोबत जा, उधारी त्याची त्याला निस्तरू द्या. मारहाण होत असेल तर आधी 181 ही महिला हेल्पलाइन लावा, व्यसनाचं नंतर बघू. बोलायला कुणी हवं असेल तर 14416 वर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही उचलतात.

आणि घसरलाच तर ओरडण्याआधी तारीख लिहा: कधी प्यायला, किती. एका रात्रीची चूक असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच ओपीडीत. पुन्हा रोजचं सुरू झालं असेल तर घरी सोडवू नका, कारण दर वेळी सोडताना फिटचा धोका आधीपेक्षा वाढलेला असतो. गिलास घ्या, मागचे कागद घ्या, आणि पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजायला लागा.