पंचेचाळीस सेकंद

तिसऱ्या दिवशीही तेच. पहिल्या पल्सला, म्हणजे विजेच्या छोट्या झटक्याला, पेशीतून वाहणारा पोटॅशियमचा प्रवाह छान वर चढला, दुसऱ्याला थोडा कमी, दहाव्यापर्यंत निम्माही उरला नाही. वहीत मी पुन्हा लिहिलं, 'पेशी खराब'.

माणसाच्या रक्तातल्या टी-पेशींवर, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, मी पॅच क्लॅम्प करत होते: काचेच्या बारीक नळीनं पेशीच्या आवरणातून जाणारा विद्युतप्रवाह मोजत होते. नेहर आणि साकमान यांनी 1976 मध्ये बेडकाच्या स्नायूवर आवरणातल्या एकेका वाहिनीचा, म्हणजे आयन ये-जा करतात त्या दाराचा, प्रवाह याच तंत्रानं नोंदवला होता. पण टी-पेशी जेमतेम 7 मायक्रोमीटरची. काचेची पिपेट तिला टेकवायची, नळीतून तोंडानं अगदी हलकं ओढायचं आणि रोध गिगाओहममध्ये चढेपर्यंत श्वास धरून बसायचं. पेशीच्या आवरणाचा रोधच दहा गिगाओहमच्या वर असतो. त्यामुळे सील, म्हणजे काच आणि आवरण यांचा घट्ट जोड, एका गिगाओहमवर अडकलं तर -80 मिलिव्होल्टला 80 पिकोअँपिअर नुसती गळती होते. अशी पेशी मी सरळ सोडून द्यायचे. या तीन दिवसांतली सीलं मात्र उत्तम होती, म्हणून जास्तच जीव तुटत होता.

माझा संशय होता, पेशी आतून धुऊन निघतेय. होल-सेल पद्धतीत पिपेटच्या तोंडाशी असलेलं आवरण फोडलं की पेशी पिपेटला आतून जोडली जाते. पिपेटमध्ये 10 मायक्रोलिटर द्रावण, आणि अख्खी पेशी 200 फेम्टोलिटरचीही नाही. एवढ्या पाण्यात तिच्या आतलं काय टिकणार?

म्हणून त्या दिवशी अँफोटेरिसिन घेतलं. हे बुरशीवरचं औषध आवरणाला बारीक छिद्रं पाडतं. त्यांतून सोडियम-पोटॅशियम जातात, मोठे रेणू आतच राहतात. पिपेटच्या टोकात साधं द्रावण भरायचं आणि औषधाचं मागून, नाहीतर सीलच बसत नाही. द्रावण दोन-तीन तासांतच निकामी होतं, उजेडही चालत नाही. खोलीतला दिवा मालवून मी वीस मिनिटं पडद्याकडे बघत बसले. पल्सच्या दोन्ही कडांना इवलीशी टोकं उगवली, हळूहळू धारदार झाली. वाट उघडली होती.

पल्स सुरू केले. प्रवाह पुन्हा उतरला, अगदी तसाच.

सर मागे कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही. "किती वेळानं पल्स देतेयस?"

"दर सेकंदाला, सर."

"अगं, केव्ही 1.3 आहे ती, पोटॅशियमची वाहिनी. एकदा उघडून मिटली की सावरायला तिला कितीतरी सेकंद लागतात. पंचेचाळीस सेकंद थांब बरं."

घड्याळाकडे बघत थांबले. -80 वरून +40 मिलिव्होल्ट, 200 मिलिसेकंद. प्रवाह थेट पहिल्या उंचीवर! पुन्हा पंचेचाळीस सेकंद, पुन्हा तेवढाच. दहाव्या पल्सलाही तेवढाच. पेशी पहिल्यापासून धडधाकट होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

रात्री वही उघडली. तिन्ही दिवसांचं 'पेशी खराब' खोडलं आणि प्रत्येक नोंदीपुढे लिहिलं, 'पल्समधलं अंतर: 1 सेकंद'.