दगड खिशात परत गेला

शनिवार. रात्रीचे पावणेबारा वाजलेत आणि झोप येईना.

सहा दिवस झाले. आत्ता बोटांवर मोजले. गेल्या रविवारचा संडे स्कूलचा धडाही सहा दिवसांचाच होता, बायबलमधल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय, चार्टवर एकेक दिवस चिकटवत जायचं, पहिला प्रकाश, दुसरा अंतराळ, तिसरा कोरडी जमीन आणि झाडं. तिसऱ्यावर पोचले आणि बारक्यानं हात वर केला. हातात दगड होता. काळा, मुठीएवढा, सगळ्या अंगाला बारीक भोकं, आणि एका मोठ्या भोकात साखरेच्या दाण्यासारखं पांढरं काहीतरी चमकत होतं. म्हणाला, "ताई, ह्यो ज्योतिबाकडं जाताना रस्ता खणलाय तिथं घावला. शाळेतलं सर म्हणाले साडेसहा कोटी वर्षांचा हाय. मग तिसरा दिवस कवा झाला?"

आणि मी म्हणाले, "हे इथं विचारायचं नसतं."

एवढंच. ओरडले नाही, हातातला चार्टसुद्धा खाली ठेवला नाही. मागचे दोघं फिस्सकन हसले. त्यानं दगडाकडं एकदा बघितलं आणि खिशात घातला. दगड जड, चड्डी एका बाजूनं खाली ओढली जायला लागली, तर ती एका हातानं धरून बसला शेवटपर्यंत. प्रार्थनेला सगळ्यांनी हात जोडले, ह्याचा एक हात खिशावरच.

तो हात माझ्या डोळ्यांसमोरनं जाईना.

असं नाही की मला उत्तर अजिबात माहीत नव्हतं. माहीत होतं. म्हणजे पूर्ण नाही, पण त्याच्याशी बोलण्याइतकं तरी होतंच की. सोमवार ते शनिवार मी जे काम करते ते मग काय आहे? तरी तोंडातनं तेच वाक्य आलं, जसंच्या तसं, जे मला नववीत असताना ऐकवलं होतं. तेव्हा मी किती दिवस घुश्श्यात होते ते आईला विचारा.

खरं सांगायचं तर रविवारी रात्री मला माझीच दया आली होती. आठवडाभर रक्त तपासायच्या लॅबमधे उभं राहून पाय सुजतात, रविवारी सकाळी डोकं टेकवायचं तर चार्ट रंगवायचे, वीस पोरं सांभाळायची, आणि त्यात प्रश्न पण मलाच. लॅबमधे कुणी ना कुणी म्हणणार, तुमच्यात ते मातीचा माणूस केला असंच मानतात ना, आणि चर्चमधे कुणी ना कुणी म्हणणार, तू काय बाई सायन्सवाली. दोन्हीकडं मी थोडी पलीकडचीच. ह्या सगळ्याचा मला खरंच थकवा आलाय आणि तो कुणाला सांगायची सोय नाही. बाबा असते तर... जाऊदे.

पण दया येऊन येऊन तरी किती येणार. सोमवारी सकाळी मशीन बरोबर मोजतंय का ते बघायचे कंट्रोल लावताना परत तो हात.

मंगळवारी मामा आला रक्त द्यायला. तीन महिन्यांची शुगर. मी मुद्दाम विषय काढला, बारक्याचं नाव न घेता. मामा सुरूच झाला, की दगडाचं वय काढतात ते कार्बननं काढतात आणि ते कसं चुकतं, त्याच्याकडं व्हिडिओ आहे, मला पाठवतो म्हणाला. मी म्हटलं मामा, कार्बन दगडाला लावतच नाहीत. कार्बन चौदा 5730 वर्षांत निम्मा होतो, पन्नासेक हजार वर्षांपलीकडं मोजायला काही उरतच नाही, ते लाकूड, हाडं, कापड असल्या गोष्टींसाठी. आपल्या ह्या काळ्या दगडाला आर्गॉन बघतात. दगडात पोटॅशियम असतं, त्यातला एक प्रकार फार सावकाश मोडत जातो, निम्मा संपायला 125 कोटी वर्षं, आणि त्यातल्या काही भागाचा आर्गॉन वायू होतो. लाव्हा पातळ असतो तोवर तो वायू उडून जातो, थिजला की आत अडकायला लागतो. किती अडकलाय त्यावरनं थिजून किती काळ झाला ते काढतात. पन्हाळा, ज्योतिबा, खाली रंकाळ्याच्या भिंतीला लावलेत ते दगड, सगळं त्याच लाव्ह्याच्या थरांचं.

मामा म्हणाला, "तू होतीस का तिथं बघायला?" आणि वर बायबलमधलं ईयोबाचं वचन, देव ईयोबाला विचारतो ते. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास.

मी गप्प झाले, कारण मामाला उलट बोलायचं नसतं, आणि सुईही हातात होती.

पण दुपारी त्याचाच सॅम्पल मशीनला लावताना मला एकदम काहीतरी लागलं. ही जी तीन महिन्यांची शुगर आम्ही काढतो, ती काय असते? तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. तेवढ्या दिवसांत रक्तात जेवढी साखर फिरली त्या मानानं ती हिमोग्लोबिनला चिकटत जाते, आणि चिकटलेली मोजली की मागच्या दोन-तीन महिन्यांचं कळतं. मामानं गुढीपाडव्याला शेजारच्यांकडं किती श्रीखंड खाल्लं ते बघायला मी तिथं नव्हते. मामी पण नव्हती, तिला तर त्यानं नाहीच म्हणून सांगितलंय. पण रक्त सांगतं. 8.9 आली. आणि मामा त्या आकड्यावर विश्वास ठेवतो, डॉक्टरांकडं जातो, गोळी वाढवून घेतो, देवाचे आभार मानतो की वेळेत कळलं. एकदाही म्हणत नाही की तू होतीस का तिथं.

जी गोष्ट घडून गेली ती मागं खूण ठेवते. रक्तात ठेवते तशी दगडातही ठेवते. आणि ईयोबाच्या त्या वचनाचं म्हणाल तर ते मामालाही विचारलेलंच आहे की. पाया घातला तेव्हा मामा पण नव्हता, व्हिडिओवाले पण नव्हते. त्या अख्ख्या अध्यायात देव एकही वर्ष, एकही तारीख सांगत नाही. समुद्र, बर्फ, मृग नक्षत्र, सिंहीण, कावळ्याची पिल्लं दाखवत जातो आणि विचारतो, हे तुला कळतं का. बारक्यानं दगड पुढं केला तो त्याच जातीचा प्रश्न होता असं मला आता वाटतं. आणि मी त्याला म्हणाले विचारायचं नसतं.

बुधवारी, गुरुवारी मी घरी आल्यावर वाचत बसले. आई म्हणाली डोळे जातील. ज्यानं विश्व पसरतंय हे 1927 मधे मांडलं आणि पुढं 1931 मधे सगळं एका आदिम अणूपासून सुरू झालं असं म्हटलं, तो जॉर्ज लमेत्र बेल्जियमचा, आणि तो कॅथलिक फादर होता, झग्यातला, रोज मिस्सा करणारा. हे मी आधी कुठंतरी ऐकलं होतं पण पुढचं माहीत नव्हतं. 1951 मधे पोप पायस बारावे भाषणात म्हणाले की बघा, विज्ञान आता उत्पत्तीपर्यंत येऊन पोचलं, तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी लमेत्रना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, माझा सिद्धांत हा भौतिकशास्त्राचा आहे, उद्या चुकीचा ठरू शकतो, देवाला त्याला बांधू नका. हे वाचून मी बराच वेळ तशीच बसले. आमच्याकडं उलटं असतं. कुठं काही शोध लागला की लगेच ग्रुपवर मेसेज, हे तर शास्त्रात, म्हणजे बायबलमधे, आधीच लिहिलंय. आणि शोध अडचणीचा असला की खोटा. मी पण असले मेसेज पुढं पाठवलेत, हो.

आणि ऑगस्टीन. सोळाशे वर्षांपूर्वीचा ख्रिस्ती धर्मपंडित, कसली दुर्बीण नाही, कसली लॅब नाही, तरी त्याला हा प्रश्न पडला होता की सूर्य जर चौथ्या दिवशी झाला तर आधीचे तीन दिवस कसले दिवस, संध्याकाळ आणि सकाळ कशानं झाली. ते दिवस आपल्या दिवसांसारखे समजायलाच पाहिजेत असं नाही, असं त्याचं मत. डार्विनला घाबरून सारवासारव केली म्हणावं तर डार्विन व्हायला अजून चौदाशे वर्षं होती. त्यानं हेही लिहून ठेवलंय की आकाश, तारे, प्राणी ह्यांच्याबद्दल बाहेरच्यांना जे नीट ठाऊक असतं त्यावर ख्रिस्ती माणूस काहीबाही बोलला तर ते लोक पुनरुत्थानाबद्दल आपलं कशाला ऐकतील. हे वाचलं आणि पोटात कालवलं. शाळेतल्या सरांनी बरोबर सांगितलं, संडे स्कूलच्या ताईनं तोंड बंद केलं. उद्या हा पोरगा सोळाचा झाला की कुणाकडं जाईल?

काल शुक्रवारी एक स्मियर बघत होते, काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब. लीशमन नावाच्या रंगानं रंगवलेली, तेलाचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सखाली. गुलाबी तांबड्या पेशींच्या गर्दीत एक न्यूट्रोफिल, म्हणजे एक पांढरी पेशी, जांभळं केंद्रक, तीन गाठी आणि मधे बारीक धाग्याएवढी जोडणी. हजारो बघितल्यात. तरी दर वेळी मनात आधी येतं ते "प्रभू, काय केलंयस तू". मग मोजायला लागते. ती पेशी हाडाच्या मगजात कशी तयार होते, किती दिवस लागतात, रक्तात किती तास फिरते, हे सगळं मी परीक्षेला लिहिलंय, आणि लिहिल्यामुळं ते "काय केलंयस" कमी झालं नाही. दोन्ही एकाच डोळ्यानं बघते मी. मायक्रोस्कोपवर माझं कधीच भांडण होत नाही. भांडण तोंड उघडलं की होतं. म्हणजे भीती दगडाची नव्हतीच. भीती ही होती की मी काही बोलले तर घरी जाऊन पोरं सांगतील, मग कुणीतरी चर्चच्या पाळकसाहेबांना फोन करणार, मग मीटिंग. एवढ्यासाठी.

वहिनीची सोनोग्राफी झाली तेव्हा आम्ही सगळे स्क्रीनकडं बघत होतो, तो ठिपका धडधडत होता, आई रडली, मामानं तिथंच उभ्या उभ्या प्रार्थना केली. दावीद 139 व्या स्तोत्रात म्हणतो की देवानं मला आईच्या पोटात घडवलं. त्या दिवशी कुणीही म्हणालं नाही की मग हे नऊ महिने कशाला, पेशी वाढतात हे खोटं. पेशीही वाढल्या आणि देवानंही घडवलं, दोन्ही एकाच वाक्यात मामानं आमेन म्हणून टाकलं. एका लेकराला घडवायला देव नऊ महिने घेतो हे चालतं. मग सह्याद्रीला त्यानं कोट्यवधी वर्षं घेतली तर आपल्याला कशाचा त्रास होतो?

एक गोष्ट मात्र मला सुटत नाही आणि ती मी बारक्याला सांगणारही नाही एवढ्यात. पापामुळं मरण आलं असं बायबलमधे प्रेषित पौल लिहितो. आणि ह्या लाव्ह्याच्या कितीतरी आधीपासून प्राणी मरत आलेत, त्यांची हाडं दगड होऊन बसलीत. मग ते मरण कसलं? कुणी म्हणतं पौल माणसाच्या मरणाबद्दल, देवापासून तुटण्याबद्दल बोलतोय. असेल. मला ते अर्धंच पटतं. 2021 च्या त्या रात्री मी एका हातानं ऑक्सिमीटर धरला होता आणि दुसऱ्या हातानं... नाही, ते आज नाही लिहायचं.

आजी मिरजेला मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, वानलेससाहेबांनी 1894 मधे उभा केलेल्या. सांगायची, आधी प्रार्थना, मग हात धुवायचे, मग ऑपरेशन, आणि हात धुवायला कमी वेळ दिला तर प्रार्थना लांब झाली म्हणून कुणी माफ करायचं नाही. तिला हा प्रश्न कधी पडला नसेल बहुतेक. मला पडतो, बारक्याला पडला, असू दे. सगळं सुटल्यावरच शिकवायला उभं राहायचं असेल तर आमच्या चर्चमधे कुणीच उभं राहणार नाही, पाळकसाहेबसुद्धा नाहीत, आणि हे त्यांनाही मान्य असेल असं मला आज जरा धीर धरून वाटतंय. फोन आला तर येऊ दे. मीटिंगला जाईन.

संध्याकाळी वळीव झाला. लाईट गेली होती तेव्हा लॅबच्या बॅगेतनं हातातलं भिंग काढलं, पुसलं, शास्त्राच्या पिशवीत टाकलं. त्या पांढऱ्या दाण्यांचं काय आहे ते त्याला बघायचं असेल, मला पण बघायचंय. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले त्याची ती भोकं, आणि नंतर कधीतरी आत झिरपलेल्या पाण्यानं थेंबाथेंबानं तिथं स्फटिक वाढवले. हे मी सांगेन, आणि तिसरा दिवस कवा झाला ते मला तारखेनं सांगता येणार नाही हेही सांगेन. पण आधी सॉरी. सगळ्यांच्या समोर, कारण गप्प केलं होतं तेही सगळ्यांच्या समोर.

दहा वाजता त्याच्या आईला मेसेज केला. "वहिनी, जय ख्रिस्त. उद्या येताना बारक्याला तो दगड आणायला सांगा."

जरा वेळानं उत्तर आलं. "कुठला दगड गं?"

म्हणजे घरी दाखवलाच नाही त्यानं. सहा दिवस. कुठं ठेवला असेल, दप्तरात, का गादीखाली, का टाकूनच दिला.

मी बरंच मोठं टाइप केलं, सगळं खोडलं, आणि लिहिलं, "त्याला माहितीय."

निळी टिक आली आहे. उत्तर अजून नाही.