मेंदूची सीटी व्हेनोग्राफी: सुईपासून रिपोर्टपर्यंत

मेंदूच्या शिरांत गुठळीचा संशय आला की आमच्याकडे सीटी व्हेनोग्राफीची, म्हणजे सीटी स्कॅनने शिरा बघण्याच्या तपासणीची, चिठ्ठी येते. बाळंतपणानंतर डोकं दुखायचं थांबत नाही अशी बाई, अचानक फिट आलेला तरुण, जुलाब-उलट्यांनी कोरडा पडलेला माणूस, असे हे रुग्ण. बायकांना मी एक प्रश्न हमखास विचारते: पूजेसाठी किंवा लग्नकार्यासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या का? या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढू शकतो. पण चिठ्ठीवर हे सहसा नसतं, कारण अशा गोळ्यांना कुणी औषध समजतच नाही.

क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), आधीची कॉन्ट्रास्टची (शिरा उठून दिसाव्यात म्हणून टोचायच्या औषधाची) ॲलर्जी, मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी), गरोदरपण हे तपासून घ्यायचं. गरोदर असेल तर शक्यतो बिनकॉन्ट्रास्टची एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे एमआरआयने शिरा बघणं. रुग्णाचं पाणी तोडायला मात्र माझा ठाम विरोध आहे. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि हल्लीच्या कॉन्ट्रास्टसाठी त्याची गरजही नाही. बाळंतिणीने अंगावर पाजणंही थांबवायचं कारण नाही, आईला दिलेल्या कॉन्ट्रास्टचा 1 टक्क्याहून कमी भाग दुधात उतरतो.

सुई उजव्या हाताला, कोपराच्या शिरेत, 18 किंवा 20 गेज जाडीची. डाव्या हातातून दिलं तर छातीच्या हाडामागे शीर दबून कधीकधी कॉन्ट्रास्ट उलटा मानेत चढतो आणि डावीकडचं चित्र बिघडतं. इंजेक्टर जोडण्याआधी 10 मिली सलाइन हाताने जोरात देऊन बघायचं. फुगलं किंवा दुखलं तर सुई बदलायची. अंगभर ऊब येईल, तोंडाला धातूची चव येईल, लघवी झाल्यासारखं वाटेल हे आधीच सांगून ठेवलं की रुग्ण दचकून मान हलवत नाही.

आधी प्लेन, म्हणजे बिनकॉन्ट्रास्टचा स्कॅन. तो वगळू नये, कारण ताजी गुठळी मुळातच पांढरी दिसते आणि फक्त कॉन्ट्रास्टचा स्कॅन असेल तर ती कॉन्ट्रास्टने भरलेल्या सायनससारखी (सायनस म्हणजे मेंदूतलं रक्त बाहेर नेणारी मोठी शीर) भासू शकते. मग 75 ते 100 मिली कॉन्ट्रास्ट, सेकंदाला 3 ते 4 मिली, मागून 30 ते 40 मिली सलाइन. इंजेक्शन सुरू झाल्यापासून साधारण 45 सेकंदांनी स्कॅन, मानेच्या पहिल्या मणक्यापासून टाळूपर्यंत, 1 मिमी किंवा त्याहून पातळ काप. घाई केली तर सायनसमध्ये कॉन्ट्रास्ट नीट मिसळलेला नसतो आणि गुठळीसारखी खोटी पोकळी दिसते. हृदय कमजोर असेल तर आणखी थांबावं लागतं.

फिरवता येणारं थ्रीडी चित्र सगळ्यांना आवडतं, पण निदान त्यावर करू नये. कवटी वजा करताना मान थोडी जरी हललेली असेल तर शिरेचा तुकडाही हाडाबरोबर निघून जातो. मी आधी पातळ काप तिन्ही दिशांनी बघते आणि विंडो, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या काळ्या-पांढऱ्या छटांचा पट्टा, रुंद ठेवते, रुंदी 260 आणि मध्य 130 च्या आसपास. नेहमीच्या मेंदूच्या विंडोत कॉन्ट्रास्ट आणि कवटी दोन्ही पांढरी होतात, मधली गुठळी झाकली जाते. सुपीरियर सॅजिटल सायनसच्या (टाळूखाली मधोमध पुढून मागे जाणाऱ्या शिरेच्या) मागच्या भागात कडा उजळ आणि मधला त्रिकोण काळा दिसला, की तो एम्प्टी डेल्टा, म्हणजे गुठळीची खूण.

सर्वात जास्त गोंधळ ट्रान्सव्हर्स सायनस (डोक्याच्या मागे दोन्ही बाजूंना आडवी जाणारी शीर) घालतो. डावीकडचा जन्मतःच बारीक असणं नेहमीचं आहे. अशा वेळी हाडाकडे बघा: कवटीतली त्याची खोबण आणि खाली जुगुलर फोरामेन (शीर कवटीबाहेर पडते ते भोक) लहान असेल तर सायनस मुळातच लहान आहे. खोबण नीट मोठी आणि आत कॉन्ट्रास्ट नाही, तर गुठळी धरून चाला. याच सायनसच्या बाहेरच्या भागात गोल, गुळगुळीत कडेचा, पाण्याच्या घनतेचा ठिपका दिसला तर तो बहुधा अरॅक्नॉइड ग्रॅन्युलेशन (मेंदूच्या आवरणाचा सायनसमध्ये आलेला निरुपद्रवी उंचवटा) असतो, गुठळी नव्हे. पाणी कमी झालेल्या माणसात प्लेन स्कॅनवर सायनस पांढरे दिसतात, पण धमन्याही तितक्याच पांढऱ्या असतात. गुठळीत तेवढाच सायनस उठून दिसतो.

मेंदूच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या बारीक शिरेतली एकटी गुठळी सीटीत निसटू शकते. लक्षणं जुळत असतील तर एसडब्ल्यूआयसह (गुठळीतलं रक्त ठळक दाखवणाऱ्या एमआरआयच्या प्रकारासह) एमआरआय करायला मी सांगते.

गुठळी दिसली की रिपोर्ट टाइप होण्याची वाट बघू नये, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लगेच फोन करावा. त्याच फोनवर रक्तस्राव आहे की नाही हेही सांगावं. गुठळीमुळेच झालेला रक्तस्राव असला, तरी केवळ तेवढ्यासाठी हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) रोखलं जात नाही.