शिबिराचा गृहपाठ

२०२१ च्या जानेवारीत राज्यातल्या हजारो ग्रामपंचायतींबरोबर बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावाचीही निवडणूक झाली आणि मी सर्वसाधारण स्त्री राखीव जागेवरून निवडून आले. उभी कशी राहिले, तर पॅनेलला बाई हवी होती, आणि बचत गटाची सचिव असल्यामुळे मला सही नीट करता येते हे पॅनेलवाल्यांना ठाऊक होतं. गुलाल पडला, हार झाले, कार्यालयातल्या बोर्डावर नाव लागलं. त्यानंतर काम एवढंच, की शिपाई प्रोसिडिंग, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, घेऊन घरी आला की हातातलं ठेवून सही करायची. एकदा माझ्या आत्या, म्हणजे सासूबाई, त्याला म्हणाल्या, "तिला चटणी कांडू दे, सही उद्या ने." तो बरं म्हणून गेलासुद्धा. माझ्या सहीवाचून गावाचं काही अडत नाही हे त्याला माहीत होतं, आत्यांना माहीत होतं आणि खरं सांगायचं तर मलाही.

पुढच्या वर्षी तालुक्यात काम करणाऱ्या एका संस्थेने निवडून आलेल्या बायका आणि बचत गटातल्या बायका अशा दोघींसाठी मिळून नेतृत्व विकासाचा कार्यक्रम काढला. अधूनमधून निवासी शिबिर आणि मधल्या काळात गावात करायचा गृहपाठ, असं वर्षभर चालणार होतं. त्याआधी माझं एक दिवसाचं प्रशिक्षण झालेलं होतं. पडद्यावर एकामागून एक पानं सरकली, जेवण झालं, फोटो झाला आणि आम्ही एसटीने परत आलो. त्यामुळे याही वेळी मी फार आशेने गेले असं नाही. घरातून बाहेर पडणं हाच मोठा प्रश्न होता. आमचे हे म्हणाले, "जा की, पण धारांचं बघ." धारा जाऊबाईंनी घेतल्या, त्या बदल्यात त्यांच्या माहेरच्या लग्नाच्या वेळी मी त्यांच्या वाटणीचं रान बघायचं ठरलं. अर्ज भरताना आम्ही बायका पहिली चौकशी करतो ती असली. शिबिरात लहान पोरांना सांभाळायला एक मावशी ठेवली होती आणि एसटीचं भाडं हातात मिळत होतं. या दोन गोष्टी नसत्या तर अर्ध्या बायका पहिल्या दिवशीच गळाल्या असत्या.

पहिल्या शिबिरात गाणी, टाळ्या, नेतृत्वाचे गुण वगैरे जे व्हायचं ते झालं. त्यातलं मला आता काही आठवत नाही. आठवतो तो एक खेळ. सगळ्यांना भिंतीला पाठ लावून एका ओळीत उभं केलं आणि हातात एकेक चिठ्ठी दिली. कोणी सरपंच, कोणी शिक्षक, कोणी विधवा सून, कोणी दिव्यांग मुलगा. शिबिर घेणाऱ्या ताई एकेक वाक्य वाचणार, ते चिठ्ठीतल्या माणसाला लागू असेल तर एक पाऊल पुढे टाकायचं. "ग्रामसभेची तारीख मला आधी कळते." "माझ्या नावावर घर आहे." "अडचण आली तर मी कार्यालयात जाऊन बोलू शकते." माझी चिठ्ठी ऊसतोड करणाऱ्या बाईची. खेळ संपला तेव्हा सरपंच झालेली बाई समोरच्या खिडकीपाशी होती आणि माझी पाठ अजून भिंतीलाच.

माझ्या वॉर्डात ऊसतोडीला जाणारी घरं आहेत. दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघतात, ते पट्टा पडल्यावर, म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला ते कधीच गावात नसतात. २ ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची तयारी सुरू होते आणि नेमकी त्याच वेळी त्यांची बोचकी बांधायची घाई. म्हणजे त्यांच्या गल्लीत काय हवं हे ठरतं तेव्हा ते फडात असतात. मी त्याच गल्लीतून निवडून आलेली, आणि हे मला बार्शीतल्या एका हॉलच्या भिंतीला टेकून सुचावं! तेव्हापासून त्यांचे विषय मी १ मे आणि १५ ऑगस्टच्या सभेतच मांडते. तेव्हा ती माणसं गावात असतात आणि स्वतः उठून बोलतात.

पहिला गृहपाठ दिसायला साधा होता. आपल्या वॉर्डातल्या घरांचे नमुना ८ चे उतारे बघायचे आणि किती घरांवर बाईचं नाव आहे ते लिहून आणायचं.

नमुना ८ म्हणजे ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही. ताईंनी आधीच बजावलं होतं, की हा काही मालकीचा पक्का दाखला नव्हे. पण गावात विजेचं मीटर घ्यायला, घरकुलाच्या कागदांना, बँकेत, सगळीकडे हाच उतारा चालतो. घर नवरा-बायको दोघांच्या नावाने लावायचा शासन निर्णय २००३ सालचा. माझं लग्न त्यानंतरचं, तरी हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

कार्यालयात गेले आणि भाऊसाहेबांना म्हटलं, नमुना ८ ची वही बघायची आहे. (ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेबच म्हणतात. आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण तोंडात भाऊसाहेबच आहे.) त्यांनी आधी माझ्याकडे, मग माझ्या मागे पाहिलं, बरोबर कोणी आलंय का म्हणून. "कशाला, ताई?" "सदस्य आहे, वॉर्डाची माहिती पाहिजे." यापुढे काय बोलायचं हेही शिबिरात घोटून घेतलं होतं, पण त्याची गरज पडली नाही. त्यांनी वही काढून दिली, वर चहा मागवला. अडवणूक होईल म्हणून मी आठवडाभर तालीम केली होती, ती सगळी वाया गेली.

वहीत बायकांची नावं होती ती बहुतेक विधवांची. आणि काही विधवांच्या घरावर तर दिराचं नाव. एका बाईने नवरा गेल्यावर स्वतः विटा वाहून खोली बांधलेली, घरपट्टी तीच भरते, पावतीवर मात्र दिराचं नाव. तिला ते माहीतच नव्हतं, कारण तिला वाचता येत नाही आणि पावती वाचून दाखवावी असं कुणाला वाटलं नव्हतं. मी वाचून दाखवली. ती म्हणाली, "मंजी मी धा वर्सं त्याचं घर झाडतीय?"

मग दारोदार फिरणं सुरू झालं. नवऱ्याची लेखी संमती आणि अर्ज द्यायचा, मासिक सभेत विषय घ्यायचा, ठराव झाला की नोंद बदलायची. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात एकेका घरी चहाचे किती कप झाले! "बाईचं नाव लावलं आन् उद्या घर इकलं तर?" हे ज्यांनी विचारलं त्यांच्यापैकी दोघांनी स्वतःच दारूपायी रान विकलेलं. मी ते तोंडावर बोलले नाही. ताई सांगायच्या, वाद जिंकायला जाऊ नका, सही आणायला जा. सुरुवात मी स्वतःच्या घरापासून केली. यांनी सही करायला वेळ लावला नाही, पण आत्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माझं बी लागतं का गं? मामंजींच्या घराला?" ते घर पडून गेलंय, नुसती जागा आहे. तरी त्यांचं नाव लावलं.

गटाच्या बायकांना या कार्यक्रमात एक फायदा झाला, तो इतर सदस्य बायकांना नव्हता. बचत गटाची पंचसूत्री असते: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. त्यातल्या लेख्यांमुळे जमा बाजू कोणती, खर्च बाजू कोणती, शिल्लक कशी काढतात हे आमच्या बोटांत बसलेलं. ग्रामपंचायतीचा नमुना ५, म्हणजे सामान्य रोकड वही, शिबिरात समोर आला तेव्हा ती मला आमच्या गटाच्या रोकडवहीची थोरली बहीणच वाटली. स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे तेव्हा बंधित आणि अबंधित असे दोन भागांत यायचे. बंधित म्हणजे ६० टक्के, ते पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे, उरलेले ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे. हे आकडे पाठ असले की बोलणं बदलतं. आधी आम्ही म्हणायचो, "बायकांसाठी काहीतरी करा." आता विचारतो, "१० टक्क्यांतले किती शिल्लक आहेत?" आमच्याकडे ते बरेच शिल्लक होते. कुणी खाल्ले नव्हते, कुणी मागितलेच नव्हते.

महिला सभेवर शिबिराचे सर्वांत जास्त तास गेले आणि ते योग्यच झालं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची हा कायदा आहे. आमच्या गावात ती व्हायची, म्हणजे रजिस्टर घरोघर फिरायचं आणि आम्ही सह्या करायचो. गृहपाठ असा, की सभा खरोखर बसवायची. दवंडी दिली, गटांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. पण बायका आल्या त्या या दोन्हींमुळे नव्हे, तर सभा दुपारी तीनला समाजमंदिरात ठेवली म्हणून. सकाळी कोणी येत नाही, संध्याकाळी स्वयंपाक. पहिल्या सभेत अर्धा तास रेशनवर भांडण झालं, ते होऊ दिलं. मग एकेक विषय निघाला. शाळेतल्या मुलींच्या संडासाला दार आहे पण पाणी नाही. ऊसतोडीच्या गल्लीत रात्री अंधार. गटाराचं पाणी विहिरीकडे जातं. दारूचं दुकान हा विषय दर सभेत निघतो, तसा तेव्हाही निघाला.

ताईंची एक सूचना मी आजही मोडत नाही. ठरावाचा मजकूर सभेतच पूर्ण लिहायचा, सूचक कोण, अनुमोदक कोण, ही नावं टाकायची, दोन प्रती काढायच्या, एक कार्यालयात द्यायची आणि दुसरीवर पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही.

१५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा झाली. कोरम म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल ती. एरवी आमची सभा कोरमअभावी तहकूब व्हायची आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून पुढच्या वेळी पाच-पंचवीस माणसांत सगळं उरकायचं. त्या दिवशी बायकांनीच कोरम भरला. सरपंचबाई अध्यक्ष होत्या, त्यांचे यजमान शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि उत्तरं तेच देत होते. मी उठले, पाय थरथरत होते, आणि म्हणाले, "भाऊसाहेब, आधी महिला सभेचे ठराव वाचा." यजमान म्हणाले, "शेवटी घेऊ." मागून एक म्हातारी म्हणाली, "तुमी कोन घेनार? बाईस्नी बोलू द्या की." लोक हसले, सरपंचबाईही हसल्या आणि म्हणाल्या, "वाचा." सरपंच म्हणून त्यांचं ते मी ऐकलेलं पहिलं वाक्य. पुढच्या शिबिराला मी त्यांना बरोबर घेऊन गेले.

संडासाला पाणी त्याच वर्षी आलं, गल्लीत दिवेही लागले. त्यातला एक सारखा बंद पडतो. गटाराचं काम आराखड्यात गेलं, ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर दिसतंही, पण जागेच्या वादात अडकलंय आणि माझ्या मुदतीत ते झालं नाही. दारूबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

कार्यक्रमाबद्दल माझ्या तक्रारी आहेत. शिबिरात यशस्वी बायकांच्याच गोष्टी फार. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला सगळ्या बायकांची ग्रामपंचायत निवडून आली होती, हे ऐकून अंगावर काटा आला. पण पुढे त्या बायकांना काय भोगावं लागलं असेल हा प्रश्न आम्ही विचारला तेव्हा वेळ संपली होती. आमच्यातल्या दोघी मध्येच सोडून गेल्या. एकीला घरून मार पडला, त्यावर संस्थेकडे "आम्ही भेटून येऊ" यापलीकडे काही नव्हतं. बायकांना उठून बोलायला शिकवता, तर बोलून घरी गेल्यावर काय होईल याचीही तयारी हवी. भेटायला शेवटी आम्हीच चौघीजणी गेलो. ती आता गटात परत आलीय, कार्यक्रमात नाही.

माझी मुदत संपत आलीय. पुढच्या वेळी वॉर्डाचं आरक्षण सोडतीत काय निघेल ते निघेल. मधल्या काळात त्याच कार्यक्रमाच्या नव्या तुकडीला मी नमुना ८ शिकवायला जाते, भाडं आणि थोडं मानधन मिळतं. आणि फोन येतात. काल वैराग भागातल्या एका सदस्य बाईंचा आला होता, संमतीचा कागद स्टँपवर लागतो का म्हणून. आमच्याकडे साध्या कागदावर चाललं, तुमच्या भाऊसाहेबांना विचारा, आणि पोच घ्या, असं सांगितलं.