शाहू नावाचे एकच कार्ड

साताऱ्यातील आमच्या पेठेत एक लहानसे वाचनालय आहे. त्याची पुस्तके संगणकावर नोंदवण्याचे काम गेल्या उन्हाळ्यात मी हौसेने अंगावर घेतले. जुन्या लाकडी खणांतील कार्डे एकेक करून बाहेर काढताना तिसऱ्या दिवशी 'शाहू महाराज' असे ठळक अक्षरांत लिहिलेले एक कार्ड हाती आले. त्याखाली अकरा पुस्तकांची नावे होती आणि कोपऱ्यात कोणीतरी पेन्सिलीने 'जन्म १६८२, मृत्यू १९२२' अशी नोंद करून ठेवली होती. हिशेब केला, तर महाराजांना दोनशे चाळीस वर्षांचे आयुष्य लाभले होते.

नोंद करणाऱ्याला हसणे सोपे आहे, परंतु दोन्ही सनावळ्या अगदी बरोबर आहेत. फक्त त्या दोन माणसांच्या आहेत. १६८२ हे संभाजीराजे आणि येसूबाई यांच्या पुत्राचे जन्मवर्ष. रायगड पडल्यावर १६८९ मध्ये तो आईसह मोगलांच्या हाती लागला, औरंगजेबाच्या छावणीतच वाढला, बादशहाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये सुटून आला आणि १७०८ च्या आरंभी साताऱ्यात छत्रपती झाला. १९२२ हे कोल्हापूरच्या राजर्षी शाहूंचे निधनवर्ष. कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ मध्ये जन्मलेल्या यशवंतरावांना दहाव्या वर्षी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक घेण्यात आले, १८९४ मध्ये त्यांच्या हाती कारभार आला आणि १९०२ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानातील नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. एकाच्या काळात मराठ्यांची घोडी नर्मदेपलीकडे गेली आणि दुसऱ्याने वसतिगृहे उभारली, इतके ते वेगळे.

मला या दोघांबाबत सर्वांत लक्षणीय वाटते ते हे, की जन्मतः दोघांपैकी एकाचेही नाव शाहू नव्हते. कोल्हापूरच्या राजांचे मूळ नाव यशवंतराव, हे वर आलेच आहे. साताऱ्याच्या शाहूंचे पाळण्यातले नाव शिवाजी, म्हणजे थेट आजोबांचे. नातवाला आजोबांचे नाव ठेवायचे, ही आपली जुनी रीत. हा शिवाजी कैदेत असताना जिंजीकडे गेलेल्या राजाराम महाराजांना ताराबाईंच्या पोटी १६९६ मध्ये मुलगा झाला आणि त्याचेही नाव शिवाजीच ठेवण्यात आले, कारण त्याचेही आजोबा तेच. एक चुलतभाऊ मोगल छावणीत, दुसरा वडिलांच्या पश्चात वयाच्या चौथ्या वर्षी गादीवर, आणि दोघांचे नाव एक. पहिल्याला शाहू हे नाव चिकटले नसते, तर १७०७ मध्ये खेडजवळ झालेल्या लढाईचे वर्णन 'शिवाजीच्या सैन्याने शिवाजीच्या सैन्याचा पराभव केला' असे करावे लागले असते.

संभाजी या नावाचेही तसेच. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले आणि पुढे महाराजांनी आपल्या थोरल्या मुलाला भावाचे नाव दिले. राजाराम महाराजांनीही आपल्या थोरल्या भावाचे नाव राजसबाईंपासून झालेल्या मुलाला ठेवले, आणि तो १७१४ पासून कोल्हापूरकरांचा छत्रपती झाला. त्यामुळे १७३१ च्या वारणेच्या तहात एका बाजूला शाहू आणि दुसऱ्या बाजूला संभाजी अशी नावे दिसतात. बापलेकांत तह कशासाठी झाला, असा प्रश्न मला शाळेत असताना पडला होता आणि तो गुरुजींना विचारण्याचे धैर्य झाले नव्हते. हे दोघे चुलतभाऊ होते आणि वारणेच्या उत्तरेला एकाचे, दक्षिणेला दुसऱ्याचे राज्य ठरले, हे नीट उमगायला मला बरीच वर्षे लागली.

कार्ड फाडून दोन नवी करावीत, इतक्यात अकरापैकी एक पुस्तक दोन्हींत बसेना. ते साताऱ्याच्याच, परंतु १७७७ ते १८०८ या काळात गादीवर असलेल्या शाहूंविषयी होते. हे पहिल्या शाहूंनंतर साताऱ्याच्या गादीवर आलेल्या रामराजांनी दत्तक घेतलेले, म्हणजे प्रतापसिंह महाराजांचे वडील. यांना 'दुसरे शाहू' म्हणतात. मी उत्साहाने पहिले, दुसरे, तिसरे अशी कार्डे करायला घेतली आणि तेथेच फसलो.

राजांना क्रमांक देण्याची पद्धत मुळात आपली नव्हे. ती इंग्रजी इतिहासलेखनाबरोबर आली. एका गादीवर एकामागून एक राजे बसत गेले, तर ती चालते. आपल्याकडे १७१४ नंतर साताऱ्याची एक आणि कोल्हापूरची एक अशा दोन गाद्या झाल्या, आणि तंजावरची तिसरी तर त्याआधीपासून होतीच. 'दुसरे शिवाजी' शोधायचे तर ते कोल्हापूरच्या यादीत सापडतात आणि 'दुसरे शाहू' शोधायचे तर साताऱ्याच्या. 'दुसरे राजाराम' म्हटल्यावर साताऱ्याच्या लेखकाला रामराजा आठवतात, कोल्हापूरच्या लेखकाला १८७० मध्ये विलायतेहून परतताना इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारलेले तरुण राजाराम महाराज. या दोघांच्या मध्ये सुमारे शंभर वर्षे आणि एक समुद्र आहे, तरी क्रमांक एकच.

मग त्या काळची माणसे काय करीत असतील? ती बापाचे नाव लावीत. पेशव्यांच्या कागदांत 'दुसरे बाजीराव' कोठेही भेटत नाहीत. तेथे बाजीराव बल्लाळ आणि बाजीराव रघुनाथ आहेत, माधवराव बल्लाळ आणि माधवराव नारायण आहेत. बल्लाळ म्हणजे बाळाजीचा मुलगा, एवढे कळले की थोरले बाजीराव आणि थोरले माधवराव दोघेही आपापल्या जागी बसतात. बाजीराव बल्लाळांचा मुलगा बाळाजी बाजीराव. आजोबा बाळाजी विश्वनाथ. आमच्या शेताच्या सातबाऱ्यावरही अशीच आलटून पालटून तीच दोन नावे चार पिढ्या चालत आली आहेत आणि वारसनोंदीच्या वेळी तलाठ्यांनी 'यातले हयात कोण?' असे विचारल्याचे मला स्मरते.

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्यात एक अडचण असे. सासऱ्याचे नाव सुनेने घ्यायचे नाही, मग आपल्याच मुलाला हाक कशी मारायची? म्हणून घरात नाना, तात्या, अप्पा, भाऊ, दादा. नावांचा गोंधळ सोडवण्यासाठी आलेली ही घरगुती हाक पुढे इतिहासात शिरली आणि तिने नवा गोंधळ केला. बाळाजी बाजीराव पेशव्यांना नानासाहेब म्हणत. १७४२ मध्ये साताऱ्यात जन्मलेल्या बाळाजी जनार्दन भानूंना नाना म्हणत; तेच नाना फडणवीस, ज्यांचा वाडा आणि घाट पाहायला लोक वाईजवळ मेणवलीला जातात. मूळ नाव एक आणि हाकही एकच. इतकेच नव्हे, तर दोघांनाही ज्या आजोबांची नावे मिळाली ते बाळाजी विश्वनाथ आणि बाळाजी महादेव हे एकमेकांचे सोबती होते. ते १७१९ मध्ये बरोबर दिल्लीला गेले होते आणि तेथील दंगलीत भानू मारले गेले. नातवांपैकी एक पेशवा झाला, दुसरा पुढे पेशव्यांचा फडणवीस. म्हणजे आजोबांची जोडी नातवांच्या नावांतही टिकून राहिली. १८५७ च्या उठावातील नानासाहेब हे तिसरे, धोंडोपंत. त्यांचा आणि पानिपतच्या धक्क्याने खचून १७६१ मध्ये पर्वतीवर वारलेल्या नानासाहेबांचा घोटाळा तर चांगली शिकलेली माणसेही करतात. आणि आमच्या भागात नुसते 'नाना' म्हटले, तर वयस्कर माणसाला अजूनही प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील आठवतात.

सांगलीकडचे घोटाळे सौम्य आहेत, कारण तेथे गादी एकच. १८०१ मध्ये मिरजेहून वेगळे होऊन सांगली वसवणारे आणि १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांकडून 'सीतास्वयंवर' करवून घेणारे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन, आणि संस्थान विलीन होईपर्यंत गादीवर असलेले चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन. येथेही हाक सारखीच, पण शतक सांगितले की काम भागते. खुद्द सांगली जिल्ह्याचे नाव १९६० पर्यंत दक्षिण सातारा होते, हे मात्र जुन्या पुस्तकांचे प्रकाशनस्थळ नोंदवताना मला दोनदा नडले.

बापाचे नाव लावण्याच्या युक्तीवर माझा इतका विश्वास बसला होता, की मी सर्व छत्रपतींची कार्डे त्याच पद्धतीने लिहायला घेतली. शाहू संभाजी, संभाजी राजाराम, प्रतापसिंह शाहू, सारे सुरळीत चालले. प्रतापसिंह महाराजांच्या कार्डावर एक जास्तीची ओळ लिहिली, कारण १९०० मध्ये बाबासाहेब आंबेडकरांचे नाव ज्या शाळेत दाखल झाले तिला आज लावलेले नाव महाराणा प्रतापांचे आहे, असे मानणारी मुले मला भेटली आहेत. त्यानंतर राजाराम आले. शिवाजी महाराजांचे पुत्र राजाराम, म्हणजे राजाराम शिवाजी. ताराबाईंच्या मुलाचा मुलगा म्हणून १७४९ नंतर साताऱ्याच्या गादीवर आणलेला, आणि मग खुद्द ताराबाईंनीच तोतया ठरवून अजिंक्यताऱ्यावर कैदेत टाकलेला रामराजा. तोही राजाराम शिवाजी. फ्लॉरेन्सला वारलेले कोल्हापूरचे राजाराम, ज्या बाबासाहेब महाराजांना दत्तक गेले त्यांचे नावही शिवाजीच. तीन माणसे, तीन शतके, आणि बापाच्या नावासकट सारखी. राजर्षी शाहूंचे पुत्र राजाराम तेवढे सुटले.

त्या संध्याकाळी मी बराच वेळ ती तीन कोरी कार्डे समोर ठेवून बसलो होतो. शेवटी प्रत्येकावर गादी, बापाचे नाव आणि गादीवर असल्याची वर्षे अशा तीनही गोष्टी लिहायच्या, असे ठरवले. कार्डावर गर्दी होते, अक्षर बारीक करावे लागते, परंतु त्याला इलाज नाही. जन्म-मृत्यूच्या नोंदींपेक्षा गादीचे गाव महत्त्वाचे, हे मी वरच्या ओळीत मुद्दाम लाल शाईने लिहितो. आमच्या साताऱ्यात शाहूपुरी आहे आणि कोल्हापुरातही शाहूपुरी आहे; पत्त्यावर गाव लिहायचे राहिले, तर पार्सल कोठे जाते याचा अनुभव पुष्कळांना असेल.

जून महिन्यात काम संपत आले असताना एक शाळकरी मुलगा वाचनालयात आला आणि म्हणाला, "काका, शाहू महाराजांवरचं पुस्तक पाहिजे. भाषण आहे." नव्या कार्डांचा उपयोग करण्याची ही पहिलीच संधी, म्हणून मी खण ओढून मोठ्या रुबाबात विचारले, "कोणते शाहू?"

त्याने माझ्याकडे, याला एवढेही कळत नाही, अशा नजरेने पाहिले आणि म्हणाला, "आपले!"

मी साताऱ्याच्या शाहूंचे पुस्तक काढून दिले. दारापर्यंत जाऊन त्याने पाने चाळली आणि तो परत आला. यात आरक्षण कुठे आहे, असे त्याने विचारले. भाषण २६ जूनला होते.