भुकेल्या माणसाला "थांबा" म्हणायची ड्युटी

रस्त्यावरून कोणाला उचलून आणलं की कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "प्यायलेला असेल". वास बिस घ्यायच्याही आधी. मी स्टाफ नर्स आहे, नाईट करण्यात बरीच वर्षं गेली, आणि हे वाक्य मी सिक्युरिटीवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ऐकलंय. बऱ्याचदा ते खरंही निघतं, खोटं कशाला बोलू. पण त्या रात्री ज्या मुलाने त्या काकांना रिक्षात घालून आणलं ना, तो आत शिरतानाच म्हणाला, "सिस्टर, हे प्यायलेले नाहीत, मी रोज बघतो यांना."

मुलगा डिलिव्हरीवाला, पाठीवर ती मोठी चौकोनी बॅग तशीच, फोनवर ऑर्डरचे मेसेज वाजतायत आणि हा बघत पण नाहीये. त्याचं म्हणणं असं की हे काका एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेले असतात, जाता येता हा हात करतो, ते पण करतात, बस एवढीच ओळख, नाव पण माहीत नाही. आज हात केला तर नुसतं बघत राहिले. म्हणून हा थांबला, जवळचा बिस्किटचा पुडा दिला तर ते पुडा हातात धरून बसले, फोडेनात. आणि थंडीत घाम. "भुकेला माणूस पुडा फोडत नाही म्हणजे काहीतरी गडबड आहे ना सिस्टर?" मी एवढी वर्षं नोकरी करून यापेक्षा चांगली हिस्टरी फार कमी नातेवाइकांकडून ऐकलीय.

बोटाला सुई टोचून शुगर बघितली, ३८. सत्तरच्या खाली गेली की आम्ही कमी म्हणतो, आणि एवढी खाली गेली की माणूस अडखळत बोलतो, झोकांड्या खातो, घामाने भिजतो, कधी अंगावर पण येतो, म्हणजे थेट दारुड्यासारखा दिसतो आणि लोक लांबून वळसा घालून जातात. त्या मुलाने अजून एक गोष्ट बरोबर केली, नकळत का होईना, त्याने त्यांच्या तोंडात जबरदस्ती पाणी ओतलं नाही. धड शुद्धीत नसलेल्या माणसाला पाणी पाजलं तर ते सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं. कोणी असं पडलेलं दिसलं आणि हाकेला ओ देत नसेल तर कुशीवर वळवायचं, अँब्युलन्स बोलवायची, तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. जागा असेल, नीट गिळत असेल, तर मात्र साखरपाणी द्या खुशाल.

शिरेतून ग्लुकोज गेलं, सोबत थायमिनचं इंजेक्शन. हे थायमिन म्हणजे बी वन, शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो, आणि उपाशी माणसाला ते न देता नुसतं ग्लुकोज देत राहिलं तर मेंदूला कायमची इजा व्हायची भीती असते. थोड्या वेळात काकांनी डोळे नीट उघडले, इकडे तिकडे बघितलं, आणि पहिला शब्द काय, तर "पुडा?"

पुडा त्या मुलाकडे होता. त्याने लगेच पुढे केला आणि मला मधे हात घालावा लागला.

इथून पुढचं जे आहे ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. हाडांचा सापळा झालेला माणूस खायला मागतोय, खायला आहे, आणि नर्स म्हणतेय थांबा. काकांचं वजन भरलं ४२ किलो, आणि उंची माझ्यापेक्षा चांगली वीतभर जास्त. नीट जेवून किती दिवस झाले विचारलं तर त्यांना सांगता येईना, "कधी मिळतं, कधी नाही" एवढंच. डॉक्टरांनी ऑर्डर लिहिली, सुरुवातीला किलोमागे दहा कॅलरी, म्हणजे दिवसभरात मिळून चारशेच्या आसपास. साधं पोटभर जेवण त्याच्यापेक्षा जास्त होतं. तेवढं दिवसभरात वाटून द्यायचं, छोट्या कपात, थोडं थोडं.

कारण असं आहे की बरेच दिवस उपाशी राहिलेलं शरीर काटकसरीने चालायला शिकलेलं असतं, चरबी आणि स्नायू जाळून. त्यात एकदम भरपूर खाणं गेलं की इन्सुलिन उसळतं, आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम सगळं भराभर पेशींच्या आत ओढलं जातं. मुळात साठे रिकामे, त्यात रक्तातलंही गेलं, मग हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात, आणि माणूस उपाशी असताना जगलेला असतो तो जेवल्यावर दगावतो. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी छळछावण्या उघडल्या तेव्हा हे डॉक्टरांनी डोळ्यांसमोर बघितलं. जर्मनीतली बर्गन बेल्सनची छावणी १५ एप्रिल १९४५ ला सुटली, आणि सुटल्यानंतरही तिथे हजारो माणसं मेली, टायफस होताच, उपासमार होतीच, पण सोडवायला आलेल्या सैनिकांनी दयेपोटी आपल्या रेशनमधलं जड खाणं दिलं तेही कित्येकांना झेपलं नाही. त्या सैनिकांचं मला फार वाईट वाटतं. हातात खाणं आहे आणि समोर असा माणूस, मी तरी दुसरं काय केलं असतं.

पण आता माहितीय ना, म्हणून थांबवायचं. तर काका वॉर्डात शिफ्ट झाले, माझ्याही पुढच्या ड्युट्या वॉर्डातच लागल्या, आणि खरी लढाई तिथे सुरू झाली. लढाई काकांशी नाही, चांगल्या माणसांशी! शेजारच्या बेडवरच्या पेशंटची बायको, एक आजी होत्या, नवऱ्याजवळ बसून असायच्या. त्यांच्या डब्यातला घास काकांकडे गेला नाही असं होणारच नव्हतं. समोरच्या बेडवाल्याने केळं दिलं, कोणाच्या तरी भावाने ज्यूस. दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट आला, फॉस्फेट १.६, नॉर्मल अडीच ते साडेचार असतं. डॉक्टरांनी फॉस्फेटची ड्रिप लावली, मॉनिटर लावला आणि मला विचारलं, सिस्टर याला कोण खायला घालतंय. मी काय सांगणार, अख्खा वॉर्ड घालतोय.

आजींना जाऊन सांगितलं तर आधी भडकल्याच. "एवढं काळीज कसं दगडाचं गं तुमचं, तो रडतोय भुकेने." मी म्हणलं आजी, तुम्ही पावसाळ्याआधीच्या तडकलेल्या जमिनीवर एकदम बंब सोडाल का, वरची मातीच वाहून जाईल. त्यांना ते पटलं की माझा चेहरा बघून गप्प बसल्या कोण जाणे, पण मग म्हणाल्या, "मग मी करू काय त्याच्यासाठी? नुसती बघत बसू?"

हा प्रश्न मला फार खरा वाटला. माणसाला काहीतरी करायचं असतं, आणि खायला देणं बंद केलं की हातच रिकामे होतात. मी नेलकटर दिलं. आजींनी कोमट पाण्याच्या टबमध्ये काकांचे हात बुडवून ठेवले, नखं मऊ झाल्यावर एकेक करत कापली, मधे मधे चष्मा पुसत, आणि तोंडाने अखंड बडबड, गाव कुठलं, पोरं किती, हा असा का बसलास रे पायरीवर. काका बहुतेक प्रश्नांना गप्पच. पण हात काढून घेतला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला कप आणायला उशीर झाला म्हणून नाही, तर "ताई, त्यांना पण चहा द्या" म्हणून हाक मारली.

पायांचं काम मी आणि आमच्या वॉर्डबॉयने केलं. मोज्यांवरून प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या होत्या, पाणी आत जाऊ नये म्हणून, आणि त्यामुळे घाम आतच, कातडी पांढरी पडून सुरकुतलेली, मोजा कातडीला चिकटून बसलेला. ओढायचा नसतो तो. सलाईनने भिजवत, थांबत, परत भिजवत काढावा लागतो. रस्त्यावर राहणारे जे जे आमच्याकडे येतात ना, त्यांच्यात पाय बरे असलेला माणूस मी क्वचित बघितला. म्हणून मला कोणी विचारलं ना की अशा लोकांना काय द्यावं, मी म्हणते आधी त्यांनाच विचारा, आणि विचारायला जमत नसेल तर मोजे द्या, कोरडे, दोन जोड. आणि कडक बिस्किटं देताना दात बघा एकदा. काकांना पुढचे दातच नव्हते, तो पुडा त्यांना पाण्यात बुडवल्याशिवाय खाता आलाच नसता.

मग चादर बदलताना उशीच्या खोळीत बिस्किटांचा चुरा सापडला. अर्धं केळं पण, काळं पडलेलं. मावशी ओरडायला लागल्या, मुंग्या येतील, आणि काका असे आक्रसले की बघवेना. वॉर्डबॉय मात्र काही बोलला नाही, झाकणाचा एक डबा शोधून आणला, त्यात बंद पाकिटातली चार बिस्किटं ठेवली, वर पट्टी चिकटवून बेड नंबर लिहिला आणि लॉकरवर काकांना दिसेल असा ठेवला. "हा तुमचा. कोणी नेणार नाही. ताई सांगतील तेव्हा खायचा." मी १९४४-४५ च्या अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या प्रयोगाबद्दल वाचलेलं होतं, ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तर ती शिकलेली मुलं ताटं चाटायला लागली, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली, दिवसरात्र डोक्यात फक्त खाणं. म्हणजे लपवणं हा स्वभाव नसतो, भूक तसं करायला लावते. वॉर्डबॉयने यातलं काही वाचलेलं नाही, तरी त्याला कळलं. डबा ठेवल्यापासून खोळीत काही सापडलं नाही, आणि काका रोज सकाळी झाकण उघडून मोजायचे, परत लावायचे.

डिलिव्हरीवाला मुलगा अधूनमधून येत राहिला, दोन ऑर्डरच्या मधे पाच मिनिटं. काकांचे रिपोर्ट सुधारत गेले तशा कॅलरी वाढवत नेल्या, फॉस्फेट जागेवर आलं, आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले आता पूर्ण जेवण द्या. आजींच्या नवऱ्याला तोवर डिस्चार्ज मिळाला होता, त्या जाताना मला बजावून गेल्या होत्या की पहिलं ताट देशील तेव्हा नीट वाढ, कपातून नको देऊस. ताटात वाढलं.

समाजसेविका मॅडमनी खटपट करून निवाऱ्यात जागा मिळवली. तिथे किती दिवस टिकतील माहीत नाही, काही जण टिकतात, काही आठवड्यात परत पायरीवर दिसतात, मी त्याबद्दल आता कोणाला वचन देत नाही. मुलगा म्हणाला चपला मी आणतो, नंबर सांगा. मी म्हणलं एक नंबर मोठी आण, खाणं परत सुरू झाल्यावर पायावर सूज येते, घट्ट चप्पल चावेल. त्याने आणली. काकांनी घातली, वॉर्डाच्या दारापर्यंत फटक फटक करत चालून बघितलं, वळले, आणि त्या मुलावर चांगलेच वैतागले, "एवढी मोठी आणतात का रे, माप घ्यायला काय झालं होतं?" मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी केसपेपरमधे तोंड घातलं.